ड्रायव्हर बदला, सगळं ठीक होईल

आधीच एक गोष्ट स्पष्ट करतो. ड्रायव्हर या शब्दावरून ज्यांना विनोद सुचत असेल त्यांनी तो मनातच ठेवावा. आमच्या इमारतीत चोवीस बिऱ्हाडं आहेत आणि त्यांतल्या सतराजणांनी तो करून झालेला आहे. प्रत्येकाला वाटलं, आपल्यालाच पहिल्यांदा सुचला. मी एकदाही हसलो नाही, म्हणून आता जिन्यात मला शिष्ट म्हणतात. म्हणू देत.

प्रिंटरचा ड्रायव्हर म्हणजे कम्प्युटर आणि प्रिंटर यांच्या मध्ये बसलेला दुभाष्या. कम्प्युटर एक सांगतो, हा प्रिंटरला भलतंच ऐकवतो आणि कागद तिसरंच काहीतरी घेऊन बाहेर येतो. मी पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं टंकलेखक होतो. एकतीस वर्षांत माझ्या आणि कागदाच्या मध्ये कुणी बसलं नव्हतं. बोट खाली, अक्षर कागदावर, विषय संपला. खात्यात कम्प्युटर आले त्याच महिन्यात मी निवृत्त झालो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, असं निरोपसमारंभात साहेबांनी मुद्दाम सांगितलं. ते मुद्दाम सांगायची गरज काय होती, हे मला अजून कळलेलं नाही.

तर प्रश्न होता बायकोच्या प्रबंधाचा. ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. सहा वर्षं घर, नोकरी, माझं पथ्यपाणी हे सगळं सांभाळून तिनं गावातल्या विहिरींचं आणि टाक्यांचं पाणी बाटल्यांत भरून आणलं, तपासलं आणि लिहून काढलं. आमच्या न्हाणीघराच्या खिडकीत सहा वर्षं साबण ठेवायला जागा नव्हती. दोनदा मुदतवाढ घेऊन झाली होती. आता शेवटची तारीख म्हणजे शुक्रवार, दुपारी चार. चार वाजून एक मिनिटानं नोंदणी रद्द, सहा वर्षं पाण्यात. चौपन्नाव्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला ती काही तयार नव्हती, आणि तिला तसं म्हणायची माझी हिंमत नव्हती.

ती म्हणाली होती, "विद्यापीठाच्या फाटकापाशी एक टायपिंगवाला आहे. सगळे त्याच्याकडूनच करून घेतात. त्याला नियम पाठ आहेत."

आता मला सांगा, एकतीस वर्षं ज्याच्या टंकलेखनात कुणाला काना-मात्रेची चूक सापडली नाही, त्याच्या बायकोनं फाटकापाशी बसलेल्या माणसाकडे जायचं? मी ठणकावून सांगितलं, "मी घरात बसलेला असताना तुझा प्रबंध बाहेरचा माणूस टाइप करणार नाही."

"बरं," ती म्हणाली. तिचं 'बरं' फार लांब पल्ल्याचं असतं.

मुलीनं नवीन घेतला म्हणून तिचा जुना कम्प्युटर आमच्याकडे आला होता. त्यावर मी दोन महिन्यांत दोनशे बारा पानं हातावेगळी केली. वही डावीकडे, नजर वहीवर, बोटं कळांवर. खरा टंकलेखक मजकूर वाचत नसतो. वाचायला लागलं की बोटं अडखळतात. डोळ्यांतून आत घ्यायचं आणि बोटांतून बाहेर सोडायचं, मध्ये डोकं आणायचं नाही. साहेबाचं बदलीपत्र असो की साहेबाच्या मुलीची लग्नपत्रिका, माझा वेग तोच. पडद्यावर सगळी पानं अशी रांगेत उभी राहिली होती की मी बायकोला बोलावून दाखवली.

मग रविवारी प्रिंटर घेतला, ड्रायव्हर घातला आणि पडद्यावर माझ्या डोळ्यांदेखत दोनशे बाराची दोनशे त्रेसष्ट पानं झाली.

मी काहीही केलं नव्हतं. एका कळीला हात लावला नव्हता. दर चार-पाच ओळींमागे एकीचा शेवटचा शब्द ढकलला जाऊन खालच्या ओळीत एकटा जाऊन बसला होता. एक भरलेली ओळ, खाली एक शब्द. मग चार ओळी धड, आणि पुन्हा एक भरलेली ओळ, खाली एक शब्द. अनुक्रमणिकेत चौथं प्रकरण नव्व्याण्णव पानावर आणि प्रत्यक्षात ते एकशे तेवीसवर. तक्त्यांचे तर हाल बघवेनात. विहिरी एका पानावर आणि त्यांचं पाणी दुसऱ्या पानावर.

"ड्रायव्हर बदला, सगळं ठीक होईल," समोरचे विमेवाले म्हणाले. हे गृहस्थ विमा सोडून सगळ्या विषयांत पारंगत आहेत. आमच्याकडे ते चहाला येतात आणि आमच्याच खुर्चीत बसून आम्हाला अक्कल शिकवतात. "तुमचा ड्रायव्हर जुना आहे हो. मूळ दुखणं तेच."

"कालच घातलाय," मी म्हणालो.

"म्हणजे जुनाच की," ते म्हणाले, आणि बिस्किट बुडवलं.

सोमवारी मी त्यातल्या त्यात बरी दहा पानं घेऊन विद्यापीठाच्या प्रबंध विभागात गेलो. नमुना आधी तपासून घ्यायची सोय आहे, असं पत्रकात लिहिलं होतं. खिडकीत एक कारकून बसतो. त्याच्यापाशी पारदर्शक प्लास्टिकचं एक पान आहे आणि त्यावर लाल शाईनं चौकट आखलेली आहे. तो ते पान आपल्या पानावर ठेवतो. मजकूर चौकटीत बसला तर पान पास. एक वेलांटी जरी बाहेर डोकावली तरी नापास. प्रबंधात काय लिहिलंय याच्याशी त्याला काडीचं देणंघेणं नाही. लोक त्याला चौकटसाहेब म्हणतात, आणि ते त्याला आवडतं.

चौकटसाहेबानं माझी दहाही पानं परत केली. दहाव्यावर तर त्यानं चौकट ठेवलीसुद्धा नाही, नुसतं बघूनच मान हलवली. वर म्हणाला, "फाटकापाशी एक टायपिंगवाला आहे बघा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला म्हणालो, "मी पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं..."

"मग काम पाण्यासारखं वाहतं व्हायला हवं होतं," तो म्हणाला, आणि मागच्याला पुढे घेतलं.

घरी आल्याआल्या मी प्रिंटरच्या कंपनीला फोन लावला. माझा फोन त्यांच्यासाठी अतिशय महत्त्वाचा आहे, असं त्यांनी मला चाळीस मिनिटं सांगितलं. मग एक बाई आल्या. आवाज इतका गोड की भांडायची पंचाईत.

"सर, प्रिंटर बंद करून पुन्हा चालू केलात का?"

"सहा वेळा."

"सर, प्रिंटरच्या तळाला एक नंबर आहे, तो सांगाल का?"

तळाला! म्हणजे प्रिंटर उलटा करायला हवा. केला. नंबर सांगेपर्यंत त्यातली काळी शाई बैठकीच्या सतरंजीवर ओघळली. बाईंनी नंबर ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "सर, प्रिंटर कधीही उलटा करू नका हं." मी फोन कानापासून लांब धरून दहा आकडे मोजले. नंतर बाईंनी मला नवा ड्रायव्हर उतरवून घ्यायला लावला. दोन तास लागले. तो आल्यावर पानांची संख्या दोनशे शहाण्णव झाली आणि प्रत्येक पानाची खालची ओळ अर्धी कापली गेली.

"सर, या ड्रायव्हरला तुमचा कागद लहान वाटतोय. त्यानं वेगळ्या मापाचा कागद गृहीत धरलाय."

"कुठल्या मापाचा?"

त्यांनी माप सांगितलं. त्या मापाचा कागद आमच्या गावातल्या एकाही दुकानात मिळत नाही. म्हणजे दोष ड्रायव्हरचा नाही, प्रिंटरचा नाही, दोष कागद बनवणाऱ्यांचा! आणि अर्थातच माझा, कारण मी त्या गावात राहतो.

मंगळवारी मी विमेवाल्यांकडे फाइल नेली. त्यांच्या प्रिंटरवर तीच फाइल दोनशे सात पानांची झाली. ते म्हणाले, "बघा, पाच पानं वाचवली." मी म्हणालो, "अहो, ती वाचवायची नव्हती, ती माझ्या बायकोनं लिहिलेली आहेत." एकच प्रबंध, आमच्याकडे जाडा, समोर बारीक. प्रत्येक घरात शिरला की याची प्रकृती बदलायची. आणि एकटे पडलेले शब्द होतेच, फक्त जागा बदलून.

रात्री जेवताना बायको म्हणाली, "शुक्रवारपर्यंत होईल ना?"

"होईल म्हणजे काय, झालंच पाहिजे. पण मला कळत नाही, या ड्रायव्हर लिहिणाऱ्या लोकांना जाब विचारणारं कुणी आहे की नाही?"

"फाटकापाशी..."

"नाही म्हणजे नाही."

तिनं भाजी वाढली. हल्ली महिनाभर ती माझ्याशी जरा मोजूनमापूनच बोलत होती. मुदतीचा ताण असणार, असं मी धरून चाललो होतो.

बुधवारी सकाळी खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांकडे गेलो. त्यांचा प्रिंटर चांगला, महागाचा. पण तो दवाखान्यात. एका बाजूला पेशंट आ वासून पडलेला, ड्रिलचा आवाज सुरू आणि मधल्या दारातून डॉक्टरांचा मला सल्ला, "मुळापासून काढा आणि नवीन बसवा." ते ड्रायव्हरबद्दल बोलत होते, पण पेशंट घाबरून उठून बसला.

समोरच्या टेबलावर त्यांची रिसेप्शनिस्ट होती. पेशंटना पुढच्या तारखा देणारी पोरसवदा बाई. तिनं फाइल उघडली, दोन क्षण बघितली आणि वरचं एक बटण दाबलं. पडद्यावर प्रत्येक ओळीच्या शेवटी एक बारीकशी खूण उगवली. पानभर खुणाच खुणा, सगळ्या उजव्या कडेला शिस्तीत उभ्या.

"काका," ती हळूच म्हणाली, "तुम्ही प्रत्येक ओळ संपली की एंटर मारलंय."

"मग ओळ संपल्यावर काय मारायचं?"

"काहीच नाही. ती आपोआप खाली जाते."

"आपोआप म्हणजे? कुणाच्या परवानगीनं?"

ती बिचारी डॉक्टरांकडे बघायला लागली. पेशंट माझ्याकडे. ड्रिलसुद्धा थांबलं. टाइपरायटरवर ओळ संपत आली की घंटी वाजते, हात वर जातो, दांडी ढकलतो, नवी ओळ सुरू होते. एकतीस वर्षांत ती घंटी माझ्या कानात अशी काही बसली होती की या बिनघंटीच्या यंत्रावरही मी ती दर ओळीला ऐकली होती आणि दर ओळीला एंटर मारलं होतं. ओळ जरा लांबली की शेवटचा शब्द खाली पडायचा आणि माझं एंटर त्याला तिथंच डांबून ठेवायचं. कंपनीच्या बाई निर्दोष, ड्रायव्हर निर्दोष. हे कबूल करताना मला काय वाटलं ते विचारू नका. मी तिला एवढंच म्हणालो, की यंत्रानं आधी सांगायला हवं होतं.

गोष्ट इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. विमेवाले धावत आले. "अहो, त्यात काय? सगळे एंटर एका फटक्यात काढता येतात!" मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी ते काढलेही. सगळे म्हणजे सगळे! शीर्षक, परिच्छेद, प्रकरणं, मार्गदर्शकांचं प्रमाणपत्र, विहिरींची यादी, सगळं मिळून एकच अखंड परिच्छेद, पहिल्या पानापासून एकशे सत्तराव्या पानापर्यंत. "आता फक्त जिथं हवेत तिथं घालायचे," असं म्हणून ते पॉलिसीच्या कामाला निघून गेले. मी कपाळाला हात लावून बसलो. नशीब, दवाखान्याच्या कम्प्युटरवर मूळ प्रत शिल्लक होती.

म्हणून गुरुवारी सकाळी मी स्वतः बसलो. पाच हजार एंटर एकेक करून काढायचे. कुठला चुकून मारलेला आणि कुठला परिच्छेद संपला म्हणून, हे ठरवायचं तर वाक्य कुठं संपतं ते बघावं लागतं. म्हणजे वाचावं लागतं. दुसरा इलाजच नव्हता.

मी वाचायला लागलो. सुरुवातीला रागानंच. पण बायको चांगलं लिहिते हो! एकशे अठरा विहिरी. प्रत्येकीपाशी ती स्वतः गेलेली, उन्हात, चिखलात, काही ठिकाणी तीन-तीनदा. एका विहिरीची मालकीण तिला आत येऊ देईना, तर ही चार रविवार तिच्या ओट्यावर जाऊन बसली. हे मला माहीत नव्हतं. रविवारी ही मैत्रिणीकडे जाते, असं मी समजत होतो. दुपारी जेवायला हाक आली तेव्हा मी विसाव्या तक्त्यावर होतो, आणि उठवेना.

पाचव्या प्रकरणात आमचं खातं आलं. पाणीपुरवठा खात्याचे सहा वर्षांचे वार्षिक अहवाल आणि त्यांतले उत्तरेकडच्या टाकीच्या पाण्याचे आकडे. सहाही वर्षं आकडे तेच. दशांशचिन्हानंतरचे दोन अंकसुद्धा तेच. खाली तिनं लिहिलं होतं, 'प्रत्यक्ष मोजणी झाल्याचे दिसत नाही. मागील वर्षाचा अहवाल पुढील वर्षी तसाच टंकलिखित केलेला असावा.'

मी खुर्ची मागे सरकवली. ते सहाही अहवाल मी टाइप केले होते. दर वर्षी साहेब जुनी प्रत टेबलावर टाकायचे आणि म्हणायचे, "साल तेवढं बदला." मी साल तेवढं बदलायचो. आणि त्या टाकीचं पाणी अर्धं गाव पीत होतं.

त्याखाली बारीक अक्षरांत तळटीप होती. 'सदर अहवालांचे टंकलेखन मात्र निर्दोष आहे.'

मी उठून स्वयंपाकघरात गेलो. "हे पाचवं प्रकरण तू कधी लिहिलंस?"

"चार वर्षांपूर्वी," ती म्हणाली. "तुम्ही टाइप केलंत मागच्या महिन्यात."

"मग मला बोलली का नाहीस?"

तिनं गॅस बारीक केला. "तुम्ही टाइप केलंत आणि काही बोलला नाहीत. मला वाटलं, वाचलंत आणि गप्प बसलात. महिनाभर वाट बघितली मी."

"वाचलंत? अगं, मी वाचत नाही! टंकलेखक वाचत नसतो! एकतीस वर्षं मी एक ओळ वाचलेली नाही!" मी तारस्वरात ओरडलो, आणि ओरडता ओरडता मला कळलं, की हे काही अभिमानानं सांगण्यासारखं नाही.

"बरं," ती म्हणाली. या वेळचं 'बरं' मऊ होतं. त्याचा मला जास्त राग आला, माझाच.

संध्याकाळी सातला शेवटचा एंटर गेला. शुक्रवारी सकाळी दवाखान्यात चार प्रती छापल्या. एकशे अठ्ठ्याण्णव पानं, एकही शब्द एकटा नाही, अनुक्रमणिका पानाशी पान जुळलेली. बायको कॉलेजातून परस्पर विद्यापीठात येणार होती. छापून झाल्यावर मी पाचव्या प्रकरणातलं ते एक पान पुन्हा उघडलं आणि तळटिपेत, तिच्या वाक्याच्या आधी, माझं एक वाक्य घातलं. 'हे अहवाल टंकलेखकाने न वाचता टंकलिखित केले होते.' एक ओळ वाढली. ती पुढच्या पानावर गेली असती तर पुढचं सगळं सरकलं असतं, म्हणून त्या एका पानाचा खालचा समास मी एका ओळीनं कमी केला. तेवढं कुणाच्या लक्षात येणार आहे, म्हटलं. रिसेप्शनिस्टनं ते पान चार वेळा छापून दिलं.

तीन वाजून वीस मिनिटांनी आम्ही दोघं खिडकीपाशी उभे होतो. चौकटसाहेबानं चौकट काढली, पुसली आणि पहिल्या पानावर ठेवली. पास. दुसरं, पास. बायको माझ्या शेजारी पानं मोजत उभी. शंभराव्या पानाला मी तिच्याकडे बघितलं, तिनं पहिल्यांदा मान हलवून हसल्यासारखं केलं. पुढे एका पानावर त्याचा हात थांबला. घड्याळात चारला अठरा मिनिटं कमी होती.

"ही शेवटची ओळ चौकटीबाहेर आहे."

बायको वाकली. बाहेर होती ती तिची ओळ, टंकलेखन निर्दोष असल्याची. तिच्या वरची ओळ तिनं आजवर बघितलेली नव्हती. तिनं ती वाचली. पुन्हा वाचली. माझ्याकडे बघितलं नाही, पण पदर डोळ्यांना लावला.

"प्रत्येक पानावर एक हस्तदुरुस्ती चालते," चौकटसाहेब म्हणाला. "कुठली तरी एक ओळ पांढऱ्या शाईनं काढा. पण बाहेरची काढलीत तरच पान बसेल."

"अहो, ती राहू दे," बायको घाईघाईनं म्हणाली. "आपण पान नव्यानं छापून..."

"अठरा मिनिटांत?" मी म्हणालो. "बाटली द्या इकडे."

एकतीस वर्षांच्या नोकरीत मला मिळालेली एकमेव लेखी शाबासकी. चारही प्रतींतून मी ती स्वतःच्या हातानं पुसली, अक्षराची शेपटीसुद्धा दिसू न देता. रेघ सरळ आली. चौकटसाहेबानं फुंकर मारून ती वाळवली, चौकट ठेवली आणि पान उलटलं. तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी त्यानं शेवटच्या प्रतीवर शिक्का मारला आणि नोंदवही पुढे ओढली.

"टंकलेखन कुणाचं?"

मी पांढऱ्या शाईच्या बाटलीचं झाकण लावत होतो.

"ह्यांचं," बायको म्हणाली. "वाचून केलेलं."

"वाचून वगैरे लिहायला रकाना नाही," तो म्हणाला.

मी म्हणालो, "शेऱ्यात लिहा." त्यानं लिहीपर्यंत मी खिडकीवरून हललो नाही.